सर्वांत जुने समुद्री कासव कोणते? सांतानाकेलिसचे प्रकरण

एप्रिल १९९८ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात रेन हिरायामा या जपानी पुराजीवशास्त्रज्ञाचा जेमतेम चार पानांचा लेख प्रसिद्ध झाला. ब्राझीलच्या ईशान्य भागात सापडलेल्या एका कासवाच्या सांगाड्याचे त्यात वर्णन होते. कासव वीतभर लांबीचे, सुमारे २० सेंटीमीटर. वय सुमारे ११ कोटी वर्षे. हिरायामांनी त्याचे नाव सांतानाकेलिस गॅफ्नेई असे ठेवले आणि माहीत असलेल्या समुद्री कासवांत हे सर्वांत जुने, असा दावा केला.

पुढे सतरा वर्षे हा मान त्याच्याकडे राहिला. २०१५ मध्ये कोलंबियातून त्याच्याहून जुना आणि कितीतरी मोठा दावेदार पुढे आला. पण या प्रकरणातला खरा पेच ‘कोण किती जुने’ हा नाहीच. वय खडकाच्या थरावरून कळते आणि त्यावर फारसे भांडण होत नाही. भांडण आहे ते ‘समुद्री कासव’ कोणाला म्हणायचे यावर. सांतानाकेलिस समुद्रात पोहत होते हे बहुतेकांना मान्य आहे. ते आजच्या समुद्री कासवांच्या घराण्यातले होते का, हा प्रश्न मात्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ झुलतो आहे. एकाच सांगाड्यातून काय पक्के निघते आणि काय निघत नाही, हे दाखवणारे इतके बोलके प्रकरण कासवांच्या अभ्यासात मला दुसरे दिसत नाही.

समुद्राच्या गाळात सापडले म्हणजे समुद्री नव्हे

आज पृथ्वीवर समुद्री कासवांच्या सातच जाती उरल्या आहेत. त्यांतल्या सहा जातींच्या पाठीवर कठीण ढालींचे कवच असते. सातवी लेदरबॅक. तिच्या पाठीवर ढालींऐवजी चामड्यासारखी जाड कातडी आणि त्याखाली हाडांच्या बारीक तुकड्यांची जाळी असते. हे सातही जण एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, हे हाडांवरूनही दिसते आणि डीएनएवरूनही. डीएनए आणखी एक गोष्ट सांगतो. या सात जातींचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे अमेरिकेतली चावरी स्नॅपिंग कासवे आणि चिखलात राहणारी लहान मड टर्टल. दोन्ही गोड्या पाण्यातली. म्हणजे आजच्या समुद्री कासवांचे पूर्वज कधीतरी नदी-तळ्यांतून समुद्रात उतरले. ते कधी आणि कसे उतरले, हाच सगळा शोध आहे.

हा शोध अवघड का? कासवे समुद्रात एकदाच उतरलेली नाहीत. चीनच्या ग्वेईजौ प्रांतात २००८ साली वर्णन झालेले ओडोंटोकेलिस सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. त्याला दात होते, पोटाचे कवच पूर्ण होते आणि पाठीचे अर्धवट. ते समुद्राच्या गाळात सापडले, म्हणून काही जण त्यालाच समुद्री कासवांचा आद्य पुरुष ठरवून टाकतात. ते बरोबर नाही. ओडोंटोकेलिस सगळ्याच कासवांच्या मुळाशी उभे आहे. आपल्या विहिरीतल्या कासवाशी त्याचे जितके नाते, तितकेच समुद्री कासवाशी. ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, युरोपच्या उथळ समुद्रांतही कासवांचा एक मोठा गट नांदत होता. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्नच्या चुनखडीत आणि जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या पाट्यांत त्यांचे सुंदर सांगाडे मिळतात. तेही आजच्या सात जातींचे पूर्वज नव्हेत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो समुद्राकडे गेलेला आणि पुढे निर्वंश झालेला एक स्वतंत्र फाटा होता.

सारखे पाणी आणि सारखी गरज असली की शरीरे सारखी होत जातात. पाण्यातून सरळ सुटायचे तर कवच चपटे आणि हलके हवे, पाय रुंद हवेत, खारे पाणी पचवायची काहीतरी सोय हवी. हे सगळे वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या काळी झाले. त्यामुळे एखाद्या जीवाश्मात समुद्री खुणा दिसल्या, तरी त्या वारशाने आल्या की गरजेपोटी नव्याने घडल्या, हे ओळखणे हाच या कामातला सर्वांत कठीण भाग आहे.

गोट्यातला सांगाडा

सांतानाकेलिस सापडले ते सिआरा राज्यातल्या अरारिपी पठाराच्या परिसरात. जीवाश्मांच्या जगात या पठाराची ख्याती मोठी आहे. इथल्या खडकात चुनखडीचे लांबट गोटे असतात आणि ते फोडले की आत मासा निघतो. चपटा झालेला नव्हे, तर खवल्यांसकट घाटदार, जवळजवळ जिवंतपणीच्या आकाराचा. एकोणिसाव्या शतकातच हे मासे युरोपात पोचले होते आणि लुई आगासीसारख्या नामवंत अभ्यासकाने त्यांची वर्णने केली होती. मेलेला प्राणी तळाच्या गाळात पडला की कुजताना भोवतालच्या पाण्याचे रसायन बदलतो. त्यामुळे त्याच्याभोवती चुना साकळतो आणि वरच्या थरांचा दाब येण्याआधीच तो एका कठीण वेष्टनात बंद होतो. म्हणून इथली हाडे चिरडत नाहीत. प्रयोगशाळेत सौम्य आम्लात ठेवून चुना हळूहळू विरघळवला की नाजूक हाडेही सुटी होऊन बाहेर येतात.

तो काळ दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून दुरावण्याचा होता. मधल्या भेगेत दक्षिण अटलांटिक आकार घेत होता आणि अरारिपीच्या खोऱ्यात समुद्राचे पाणी शिरून उथळ जलाशय तयार झाले होते. त्या पाण्यात मासे होते, मगरींचे नातेवाईक होते, वर आभाळात टेरोसॉर हे उडणारे सरपटणारे प्राणी होते. कासवेही एका प्रकारची नव्हती. सांतानाकेलिसच्या सोबतीने, मान बाजूला वळवून कवचात घेणारी कासवेही याच थरांतून मिळाली आहेत. त्या मंडळींकडे पुढे एकदा वळायचे आहे, कारण त्यांच्यातल्या एकाचे नाते थेट मुंबईपर्यंत येते.

ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म ही सरकारी मालमत्ता आहे. तरीही अरारिपीचे गोटे अनेक दशके जगभरच्या बाजारात विकले जात होते आणि त्या मातीतले कितीतरी महत्त्वाचे नमुने आज दूरदूरच्या देशांत आहेत. सांतानाकेलिसचा मूळ नमुनाही अभ्यासासाठी जपानमध्ये होता. याची नोंद मुद्दाम करतो, कारण या जातीविषयीचे जवळजवळ सगळे ज्ञान त्या एकाच सांगाड्यावर उभे आहे. ज्याला त्याच्या कवटीतले एखादे भोक पुन्हा तपासायचे असेल, त्याला त्याच एका नमुन्यापाशी जावे लागते.

मीठ आधी, वल्हे नंतर

आता हाडांकडे. हिरायामांच्या लेखातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि ‘सर्वांत जुने’ या बिरुदाच्या गलबल्यात तोच मागे पडला.

आजच्या समुद्री कासवाचा पुढचा पाय म्हणजे खरे तर पंख. बोटांची हाडे विलक्षण लांब झालेली असतात, त्यांच्यामधले सांधे जवळजवळ निकामी झालेले असतात आणि सगळी बोटे घट्ट ऊतींनी एकत्र बांधलेली असतात. अख्खा पाय एका ताठ पात्यासारखा वरखाली हलतो आणि कासव पाण्यात उडत जाते. तळ्यातले कासव तसे पोहत नाही. ते चारही पायांनी आळीपाळीने पाणी मागे लोटते. त्याची बोटे सुटी असतात, वाकतात, त्यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. दंडाच्या हाडातही फरक असतो. समुद्री कासवाचे ते हाड चपटे आणि सरळ असते, आणि छातीकडून येणारे जोरकस स्नायू ज्या उंचवट्याला चिकटतात, तो हाडाच्या डोक्यापासून खाली सरकलेला असतो.

सांतानाकेलिसचा पाय या दोहोंच्या मधला आहे. त्याचा वल्ह्यासारखा आकार होऊ लागला आहे, पण मनगट, घोटा आणि बोटे अजून हलती आहेत. बोटांचे सांधे शाबूत आहेत. हे कासव पाण्यात उडणारे नव्हते. फार तर पोहण्यात बऱ्यापैकी तरबेज झालेले होते.

पण त्याची कवटी वेगळेच सांगते. दोन्ही डोळ्यांच्या खोबण्यांमध्ये, कवटीच्या आत, मोठी मोकळी जागा आहे. आजच्या समुद्री कासवांत या जागेत मोठ्या अश्रुग्रंथी असतात, आणि त्या ग्रंथी अश्रूंपेक्षा मीठच जास्त गाळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा खारट मूत्र बनवता येत नाही. समुद्रात राहायचे आणि समुद्रातलेच खायचे, तर शरीरात गेलेले जादा मीठ दुसऱ्या वाटेने बाहेर टाकावेच लागते. कासवांनी ती वाट डोळ्यापाशी काढली. लेदरबॅकमध्ये या ग्रंथी मेंदूहूनही मोठ्या असतात. कोकणात वेळास किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची मादी अंडी घालताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तिच्या डोळ्यांतून ओघळणारे चिकट पाणीही पाहिले असेल. ते रडणे नव्हे. समुद्रात ती जे सतत करत असते, तेच वाळूवर आल्यावर आपल्या नजरेस पडते.

म्हणून हिरायामांचा निष्कर्ष असा होता: मिठाची सोय आधी झाली, ताठ वल्हे नंतर आले. विचार केला तर हा क्रम पटतो. पोहण्यात कमी पडणारा प्राणी किनाऱ्यालगत भागवून घेऊ शकतो. मिठापुढे मात्र असे भागवता येत नाही. रक्तातले क्षार हाताबाहेर गेले की संपले. ज्या प्राण्याने खाऱ्या पाण्यात दिवस काढायला सुरुवात केली, त्याच्यावर पहिला दाब मिठाचाच येणार.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. ग्रंथी हा मऊ अवयव. तो अश्मीभूत झालेला नाही. झाली आहे ती जागा. मोठ्या जागेवरून मोठी ग्रंथी, आणि मोठ्या ग्रंथीवरून खाऱ्या पाण्यातले जगणे, अशी दोन पायऱ्यांची ही वाट आहे. मला ती भक्कम वाटते, कारण समुद्राच्या संपर्कातला थर, पायाचा बदलता आकार आणि डोळ्यांमागची जागा, तिन्ही साक्षी एकाच दिशेने बोलतात. पण ती वाट दोन पायऱ्यांची आहे, हे विसरून चालत नाही.

वंशवृक्षावरचे भांडण

हिरायामांनी सांतानाकेलिसला प्रोटोस्टेगिड या नामशेष कुळात ठेवले. क्रिटेशियस काळातले, म्हणजे सुमारे साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले, हे कुळ प्रसिद्ध आहे ते त्यातल्या राक्षसांमुळे. अमेरिकेतल्या कॅन्ससमधले प्रोटोस्टेगा एकोणिसाव्या शतकात एडवर्ड कोप यांनी उजेडात आणले. साउथ डकोटातले आर्केलॉन जॉर्ज वीलँड यांनी १८९६ मध्ये. आर्केलॉनचा सर्वांत मोठा सांगाडा सुमारे ४.६ मीटर लांबीचा आहे. या राक्षसांचे पाठकवच हाडांच्या पूर्ण ढालीसारखे नव्हते. फासळ्यांमध्ये मोठमोठ्या फटी होत्या आणि वर बहुधा जाड कातडी. लेदरबॅकची आठवण येणे साहजिक होते. हिरायामांच्या मांडणीत प्रोटोस्टेगिड हे लेदरबॅकच्या फांदीवरचे नातेवाईक ठरले.

याचा परिणाम मोठा होता. ११ कोटी वर्षांपूर्वीचे सांतानाकेलिस जर लेदरबॅकच्या फांदीवर बसत असेल, तर लेदरबॅक आणि इतर सहा जाती यांची ताटातूट त्याहीआधी झालेली असली पाहिजे. डीएनएतल्या फरकांवरून जातींचे वय मोजणाऱ्यांना अशा एखाद्या पक्क्या तारखेची गरज असतेच. त्यांचे घड्याळ जीवाश्माशिवाय लावता येत नाही. मग अनेक अभ्यासांत सांतानाकेलिसचा ११ कोटींचा आकडा खुंटीसारखा वापरला गेला. एका वीतभर सांगाड्याच्या वंशवृक्षातल्या जागेवर अख्ख्या कासवकुळाच्या तारखा टांगल्या गेल्या.

शंका लवकरच आल्या. २००७ मध्ये वॉल्टर जॉइस या कासव-अभ्यासकांनी कासवांच्या सगळ्या प्रमुख गटांची एकत्र मांडणी केली. त्यात सांतानाकेलिस समुद्री कासवांच्या आसपासही आले नाही. ते पार खाली, मान सरळ मागे ओढून आत घेणाऱ्या आजच्या सर्व कासवांच्या समूहाबाहेर जाऊन बसले. तसे असेल तर प्रोटोस्टेगिड हा समुद्राकडे गेलेला आणखी एक स्वतंत्र फाटा ठरतो, आर्केलॉन आणि लेदरबॅक यांचे साम्य हे निव्वळ समान गरजेतून आलेले ठरते, आणि घड्याळाची खुंटी भिंतीतून निघून येते.

जॉइस यांच्या बाजूनेही पुरावा आहे. काही प्रोटोस्टेगिडांच्या कवटीत नाकाची स्वतंत्र हाडे असतात. आजच्या समुद्री कासवांत ती नसतात, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांतही नसतात. ही जुनी खूण आहे. आजच्या फांदीच्या टोकाशी बसणाऱ्या प्राण्यात ती असण्याचे कारण काय? काळाचा हिशेबही अडखळतो. लेदरबॅकच्या फांदीवरचा ज्याच्याबद्दल फारसा वाद नाही असा जुना सदस्य म्हणजे जपानमधले मेसोडर्मोकेलिस. ते क्रिटेशियसच्या शेवटच्या टप्प्यातले आहे, सांतानाकेलिसच्या कितीतरी नंतरचे. मधल्या कोट्यवधी वर्षांत ती फांदी कुठे दडली होती?

दोन्ही पक्षांची पद्धत मात्र एकच. शेकडो लक्षणांची यादी करायची, प्रत्येक जातीत कोणते लक्षण कसे आहे ते नोंदवायचे आणि कमीत कमी बदलांत बसणारा वंशवृक्ष संगणकाकडून शोधायचा. अडचण येते ती मते मोजण्यात. चपटे कवच, फासळ्यांतल्या फटी, लांब बोटे, सरकलेला उंचवटा या वेगवेगळ्या नोंदी म्हणून मोजल्या जातात, पण त्या सगळ्यांमागे पोहणे हे एकच कारण असू शकते. एकाच घरातली दहा मते जर घरच्या कर्त्याच्या सांगण्यावरून पडली असतील, तर त्यांना दहा स्वतंत्र माणसांचा कौल म्हणता येत नाही. समुद्री प्राण्यांच्या वंशवृक्षात हा धोका कायम असतो, आणि प्रोटोस्टेगिडांच्या बाबतीत तर फारच.

यावर उपाय म्हणून लोक वळले कवटीच्या आतल्या भागाकडे. मेंदूची पेटी, कानाची पोकळी, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचे हाडातले मार्ग यांचा पोहण्याशी संबंध कमी, म्हणून तिथल्या खुणा वंशाबद्दल अधिक विश्वासाने बोलतात, अशी त्यामागची अपेक्षा. २०१९ मध्ये सर्योशा एव्हर्स, पॉल बॅरेट आणि रॉजर बेन्सन यांनी रायनोकेलिस या इंग्लंडमध्ये सापडणाऱ्या लहान प्रोटोस्टेगिडाच्या कवट्या सूक्ष्म सीटी स्कॅनने आतून पाहिल्या. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या या कवट्या एकोणिसाव्या शतकापासून संग्रहालयांत पडून होत्या, पण न फोडता त्यांच्या आत डोकावण्याची सोय नव्हती. नव्या नोंदी घालून त्यांनी वंशवृक्ष पुन्हा काढला, तेव्हा प्रोटोस्टेगिड समुद्री कासवांच्याच घराण्यात परतले. पण लेदरबॅकच्या फांदीवर नव्हे. आजच्या सातही जातींचा सामाईक पूर्वज जिथून निघतो, त्याच्याही खाली, मूळ खोडावर.

माझा कल याच मांडणीकडे आहे. एक तर ती आतल्या खुणांवर उभी आहे. दुसरे म्हणजे ती दोन्ही बाजूंचे खटकणारे पुरावे सामावून घेते: नाकाच्या हाडांसारख्या जुन्या खुणा खोडावरच्या प्राण्यात असणे स्वाभाविक आहे, आणि लेदरबॅकच्या फांदीला कोट्यवधी वर्षे दडून बसावे लागत नाही. पण तिची एक किंमतही मोजावी लागते. सांतानाकेलिसची बोटे हलती, आर्केलॉनचे वल्हे ताठ, आणि आजच्या जातींचेही ताठ. प्रोटोस्टेगिड खोडावरचा वेगळा फाटा असतील, तर ताठ वल्हे त्या फाट्यात एकदा आणि आजच्या जातींच्या पूर्वजांत एकदा, असे निदान दोनदा घडले असले पाहिजे. एकाच घराण्यात, शेजारच्या दोन फांद्यांवर. मला हे अशक्य वाटत नाही. मिठाची सोय झालेला, पाय पसरट होऊ लागलेला प्राणी समुद्रात राहिला, तर पुढची पायरी कोणती असणार हे बरेचसे ठरलेलेच असते.

प्रचंड आकाराचेही असेच. २०२२ मध्ये स्पेनच्या कॅटलोनियातून लेव्हिएथनोकेलिस या कासवाचे वर्णन झाले. कंबरेच्या हाडांवरून त्याची लांबी ३.७ मीटरच्या घरात जाते, आणि ते प्रोटोस्टेगिड नाही. राक्षसी आकारसुद्धा एकाच कुळाची मक्तेदारी नव्हता.

कोलंबियाचा दावेदार

कोलंबियातले व्हिया दे लेव्हा हे गाव आज अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. भोवतालचा कोरडा, गडद मातीचा प्रदेश क्रिटेशियस काळात समुद्राचा तळ होता. अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्यांचे शंख तिथे पावलोपावली मिळतात, आणि या शंखांच्या जाती लवकर लवकर बदलत गेल्या असल्यामुळे थरांचे वय त्यांच्यावरून नेमके ठरवता येते. इथल्या काही कासवांचे नमुने होसे रोयो इ गोमेस यांनी १९४० च्या दशकातच गोळा केले होते आणि ते कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संग्रहालयात पोचले होते. त्यांचे मोल कळायला कित्येक दशके लागली. त्याच परिसरात स्थानिक लोकांना एक जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. आणखी काही कवट्या आणि कवचाचे भाग हाती आले, तेव्हा एडविन कादेना आणि जेम्स पारहॅम यांनी २०१५ मध्ये डेस्मॅटोकेलिस पादियाय या नव्या जातीचे वर्णन केले. वय किमान १२ कोटी वर्षे. लांबी जवळजवळ दोन मीटर. कुळ पुन्हा प्रोटोस्टेगिड.

डेस्मॅटोकेलिस या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, दुसरी जाती अमेरिकेतल्या नेब्रास्कातून १८९४ सालीच सॅम्युअल विलिस्टन यांनी नोंदवली होती, आणि ती कोलंबियाच्या जातीपेक्षा बरीच अलीकडची. म्हणजे प्रजाती दीर्घकाळ टिकली आणि दूरवर पसरली.

या शोधाने सांतानाकेलिसचे बिरुद गेले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सांतानाकेलिसच्या आधारे मनात एक सोपे चित्र तयार झाले होते: सुरुवातीला वीतभर, अर्धवट तयारीचे प्राणी आणि मग हळूहळू वाढत राक्षस. कोलंबियाने ते मोडले. सांतानाकेलिसच्या आधीच, त्याच कुळात, माणसाएवढ्या लांबीचा प्राणी समुद्रात फिरत होता. म्हणजे सांतानाकेलिस हा कोणाचा आजोबा नव्हे. जुनी ठेवण टिकवून राहिलेला, अटलांटिकच्या कोवळ्या काठावरच्या उथळ पाण्यात रमलेला तो चुलत भाऊ. त्याच्या हलत्या बोटांची साक्ष त्यामुळे खोटी ठरत नाही. जुनी ठेवण कशी होती ते ती अजूनही सांगते. पण ती ठेवण नेमकी कधीची, हे मात्र त्या सांगाड्याच्या वयावरून सांगता येत नाही. समुद्रात पहिल्यांदा खरे उतरणे १२ कोटी वर्षांच्याही मागे आहे.

कादेना आणि पारहॅम यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात ‘सर्वांत जुने समुद्री कासव’ यापुढे प्रश्नचिन्ह टाकले. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा बहुतेक ठिकाणी ते गळून गेले. वय निर्विवाद होते. प्रश्नचिन्ह होते ते कुळाबद्दल: प्रोटोस्टेगिड समुद्री कासवांच्या घराण्यातले असतील तर हे सर्वांत जुने, नसतील तर नाही. अशी अट शीर्षकातच लिहिणाऱ्या अभ्यासकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

गॅफ्नी, अरारिपी आणि मुंबई

सांतानाकेलिसच्या नावातले गॅफ्नी म्हणजे युजीन गॅफ्नी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत त्यांनी आयुष्यभर कासवांच्या कवट्या अभ्यासल्या. २००१ मध्ये त्यांनी आणि हिरायामांनी ब्राझीलच्या एका सहकाऱ्यासोबत अरारिपीच्याच थरांतून सिआराकेलिस या कासवाचे वर्णन केले. हे बाजूला मान वळवणाऱ्यांपैकी, बोथ्रेमिडिड नावाच्या नामशेष कुळातले. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, गॅफ्नी आणि अशोक साहनी यांच्यासह काही अभ्यासकांनी त्याच कुळातले आणखी एक कासव नोंदवले: शंकुकेमिस. ते मुंबईतले, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळातले. वरळीच्या टेकडीतल्या तशाच गाळातून कासवांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मिळाले होते.

मुंबईची ही कासवे गोड्या पाण्यातल्या गाळातली, समुद्री कासवांशी त्यांचे जवळचे नाते नाही. तरी ती या प्रकरणात येतात, कारण बोथ्रेमिडिड कुळातल्या काही शाखा इतरत्र किनाऱ्यालगतच्या समुद्रात उतरल्या होत्या. त्यांनी मात्र आजच्यासारखी ताठ वल्ही कधी बनवली नाहीत, आणि त्यांतले कोणी आज उरलेही नाही. खाऱ्या पाण्यात उतरणे कासवांना अनेकदा जमले. पूर्ण समुद्राचे होऊन आजवर टिकणे एकाच घराण्याला जमले.

पुरावा कुठवर पोचतो

२०१९ च्या सुमारास व्हिया दे लेव्हातून आणखी एक नमुना प्रसिद्ध झाला: पोटात अंडी असलेली डेस्मॅटोकेलिसची मादी. गोल अंडी, कवचासकट. आजच्या समुद्री कासवांच्या अंड्यांचे कवच मऊ, चामड्यासारखे असते. दाबले तर खळगा पडतो. या मादीच्या अंड्यांचे कवच जाड आणि कडक होते, जमिनीवरच्या मोठ्या कासवांसारखे. शरीर समुद्राचे झाले, पण अंडे अजून जुन्या धाटणीचे होते. सांतानाकेलिसच्या डोळ्यांमागच्या जागेने आणि हलत्या बोटांनी जे सुचवले, त्याच्याशी हे जुळते: समुद्रात जाण्याचा बदल एकसंध नव्हता, अवयवागणिक वेगवेगळ्या वेगाने झाला. हा निष्कर्ष प्रोटोस्टेगिडांच्या वंशवृक्षातल्या जागेवर अवलंबून नाही. ते आपल्या सात जातींचे थेट आप्त असोत वा नसोत, एका गोड्या पाण्यातल्या कासवकुळाने समुद्र कसा अंगवळणी पाडला, याची ही हाडातली नोंद आहे.

डीएनएच्या घड्याळांना मात्र सांतानाकेलिसची खुंटी जुन्या जागी वापरता येणार नाही. प्रोटोस्टेगिड खोडावरचे असतील, तर ११ किंवा १२ कोटी वर्षे हा आकडा समुद्री कासवांचे घराणे स्नॅपिंग कासवांपासून केव्हाच वेगळे झाले होते एवढेच सांगतो. लेदरबॅक आणि इतर जातींच्या ताटातुटीबद्दल तो गप्प राहतो. ते घराण्याबाहेरचे असतील, तर यांपैकी काहीच सांगत नाही.

पेच सुटायचा असेल तर व्हिया दे लेव्हापेक्षा जुन्या, १३ ते १४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री थरांतून असा सांगाडा मिळायला हवा, ज्याची कवटी आणि पुढचा पाय दोन्ही शाबूत असतील. कवटी सीटी स्कॅनमधून वंश सांगेल, पाय पोहण्याची रीत. त्या काळातले समुद्री कासवांचे जीवाश्म अजून फार थोडे आहेत आणि जे आहेत ते तुटक आहेत. तोवर संग्रहालयांत पडून असलेल्या जुन्या प्रोटोस्टेगिडांच्या कवट्या एकेक करून स्कॅन करणे हे हातात असलेले काम आहे, आणि रायनोकेलिसने दाखवले तसे त्यातूनही वंशवृक्ष हलू शकतो.